एक जूनवाल्यांचे हजार चंद्र

नारायणगावच्या एसटी स्टँडवर सत्तरीच्या पुढच्या कुणा आजोबांना जन्मतारीख विचारली, तर बहुतेक वेळा एकच उत्तर येतं: एक जून. शेजारी बसलेला त्यांचा वर्गमित्रही एक जूनचाच असतो. शाळेत नाव घालायला बापानं पोराला बोटाला धरून नेलं, की गुरुजी दात बघायचे, उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरता येतो का बघायचे, आणि वय बसेल असं साल घालून पुढे एक जून लिहून मोकळे व्हायचे. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू व्हायचं, म्हणून पोरंही जूनमध्येच जन्मली. ज्या मुली शाळेत गेल्याच नाहीत त्यांना तारीख मिळाली ती फार उशिरा, रेशन कार्ड आणि मतदार यादीच्या वेळी.

संपादकांनी यंदा विषय दिला ‘घरचं कार्य’. मला त्यातलं नवं कार्य बघायचं होतं. आईची किंवा वडिलांची पंचाहत्तरी, ऐंशी आली की हॉल घेऊन जेवणावळ घालण्याऐवजी सगळ्या घरानं दोन-तीन दिवस कुठेतरी एकत्र जायचं, ही पद्धत आता मध्यमवर्गापुरती उरलेली नाही. मुंबईत डबे पोचवणारी, वाशीच्या बाजारात माल उतरवणारी, पुण्यात रिक्षा चालवणारी घरंही असा बेत करतात. या घरांची मुळं बऱ्याचदा जुन्नर-आंबेगावात असतात. म्हणून मी खोडदला गेले. मीना नदीच्या खोऱ्यातलं हे गाव नारायणगावच्या पूर्वेला दहाएक किलोमीटरवर आहे, आणि जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना ते त्याच्या नावानिशी माहीत आहे. तिथं एका आजींच्या ऐंशीसाठी आलेल्या घरानं मला आपल्यात बसू दिलं. आजींचं माहेर खोडद, सासर आंबेगाव तालुक्यातलं, आणि हयात गेली लालबागच्या चाळीत. त्यांचे यजमान डबेवाले होते.

तारीख कुठली धरायची

बेताची सुरुवात तारखेपासून होते आणि पहिलं भांडणही तिथंच होतं. या आजींच्या आधार कार्डावर एक जून आहे. आजींचं म्हणणं वेगळं. त्यांच्या आईनं त्यांना सांगितलं होतं की जन्म नागपंचमीच्या आदल्या दिवशीचा, आणि ‘गांधीबाबांना मारलं तवा तू काखेत व्हतीस.’ गांधीहत्या ३० जानेवारी १९४८ ची. काखेतलं मूल सहा महिन्यांचं असेल किंवा दीड वर्षाचं. म्हणजे श्रावण १९४६ चा, नाहीतर १९४७ चा. या पिढीची वयं अशीच काढावी लागतात. कुणाचा पाळणा बहात्तरच्या दुष्काळाला बांधलेला, कुणाचं लग्न पानशेत फुटलं त्या १९६१ च्या पावसाळ्याला, कुणाचं थोरलं मूल कोयनेचा भूकंप झाला त्या १९६७ च्या डिसेंबराला. मुलांनी कागद काढून शेजारी शेजारी मांडण्यापेक्षा आईला समोर बसवून हे असं विचारत जावं. तारीख निघो न निघो, तिच्या आयुष्याचा अर्धा नकाशा त्या बसण्यातच हाती येतो.

शास्त्रात प्रत्येक टप्प्याची शांत आहे. साठीला उग्ररथ, सत्तरीला भैमरथी, पंचाहत्तरीला ऐंद्री. पण घराघरांत मनापासून धरला जातो तो ऐंशीनंतरचा टप्पा, सहस्रचंद्रदर्शन. माणसानं हजार पौर्णिमा पाहिल्या, असा त्याचा अर्थ. हिशेब साधा आहे. पौर्णिमा ते पौर्णिमा सरासरी साडेएकोणतीस दिवस. हजार पौर्णिमांचे सुमारे २९,५३० दिवस होतात, म्हणजे ८० वर्षं आणि साधारण १० महिने. पंचांगाच्या वाटेनं गेलं तरी मुक्काम तोच: ऐंशी वर्षांचे ९६० महिने, पावणेतीन वर्षांच्या आसपास एक या हिशेबानं आलेले तीसेक अधिक महिने, आणि वरचे दहा.

आता हा हिशेब एक जूनला लावून पाहा. एक जूनला जन्मलेल्या, किंवा तसं लिहिलेल्या, प्रत्येकाचा हजारावा चंद्र ऐंशी पूर्ण झाल्यानंतरच्या मार्च-एप्रिलमध्ये पडतो, चैत्राच्या आसपास. आणि चैत्र हाच या मुलखातल्या जत्रांचा महिना. मुंबईच्या डबेवाल्यांची परंपरा १८९० पासूनची मानतात, आणि ही माणसं मुख्यतः खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ, मुळशी इथली. वर्षातून एकदा, गावच्या जत्रेसाठी, ते पाच-सहा दिवस सरसकट सुट्टी घेतात आणि मुंबईचे डबे बंद राहतात. थोरल्या मुलानं वडिलांची डब्यांची लाइन चालवायला घेतली होती, त्यामुळे त्याला सुट्टी मिळणार ती त्याच आठवड्यात. गुरुजींनी सोयीसाठी लिहिलेली तारीख अशी ऐंशी वर्षांनी सोयीची ठरली. नागपंचमीचा आग्रह धरणाऱ्या आजींनीही मान हलवली. ‘देवाला काय, चार म्हैनं मागंपुढं,’ एवढंच म्हणाल्या.

एप्रिलमधलं ऊन मात्र गंमत नाही. ज्यांना सुट्टीचं बंधन नाही त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारीच धरावा असं माझं स्पष्ट मत आहे. थंडी असते, द्राक्षाचे मळे भरलेले असतात, दुपारीही म्हातारं माणूस अंगणात बसू शकतं. पावसाळ्यात माळशेजच्या धबधब्यांसाठी गर्दी उसळते. निसरड्या वाटा आणि तासन् तास अडकलेल्या गाड्या यांत ऐंशीच्या माणसाला नेऊ नये.

‘तुम्ही न्याल तिथं’

मुलांची यादी तयार होती. धाकट्याला गोवा हवा होता, मोठ्या नातवाला लोणावळ्याचं पोहण्याचा तलाव असलेलं रिसॉर्ट, सुनेला वाटत होतं की सासूबाईंना विमानानं काशीला न्यावं. प्रत्येकाच्या मनात आईचं भलंच होतं. आईला विचारलं तर तिचं उत्तर ठरलेलं: ‘तुम्ही न्याल तिथं.’ या पिढीच्या बायकांना कुठं जायचंय असं कधी कुणी विचारलेलं नसतं. प्रश्न आला की त्या तो परत करतात.

लेकीनं प्रश्न बदलला. ‘आई, तुझं राहून काय गेलं?’ असं तिनं भाजी निवडता निवडता विचारलं, आणि त्याला उत्तर आलं. एक, ओझरच्या गणपतीला बोललेला नवस. तो थोरल्याच्या जन्माच्या वेळचा. फेडायचा राहिला, मग यजमान गेले, मग गुडघे गेले. दोन, आळ्याला जाऊन रेड्याची समाधी बघायची. ज्ञानेश्वरांनी ज्या रेड्याच्या मुखातून वेद वदवले त्याची ही समाधी, अशी श्रद्धा आहे, आणि आजींच्या वडिलांची दरसालची वारी तिथं असायची; लग्नानंतर त्यांचं जाणं सुटलं. तीन, माहेरी एक रात्र राहायची. आईबाप गेले, भाऊही गेले, आता भाचा शेती बघतो. भाऊ गेल्यावर बाई माहेरी राहत नाही, उभ्याउभ्या जाऊन येते. ते त्यांना सलत होतं.

या तिन्ही जागा एकमेकींपासून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरात आहेत. गोव्याच्या विमानाला लागले असते त्याहून कितीतरी कमी पैसे लागणार होते. भावंडांनी खर्च कसा वाटला ते सांगण्यासारखं आहे. समान वाटणी झाली नाही. थोरल्यानं मुक्काम उचलला, धाकट्यानं गाडी, आणि लेकीनं जेवण, कारण तिनं ‘माहेरच्या बाईला लेकीकडून जेवण’ असा हट्टच धरला. पैसा जमवण्याच्या गटात आकडे लिहिण्यापेक्षा ही रीत मला फार बरी वाटली. कुणाचं जास्त, कुणाचं कमी हे आईला कळलं नाही, आणि प्रत्येकाच्या हातून काहीतरी पुरं झालं.

एक अडचण उरली. भाच्याच्या घरी बाराजण झोपणार कुठं? आणि बाहेर राहावं तर भाच्याचा अपमान. हा प्रश्न शहरातल्या वाचकाला छोटा वाटेल. गावात तो पुढची दहा वर्षं पुरतो. तोडगा भाच्याच्या बायकोनंच काढला. मुक्काम जवळच्या कृषी पर्यटन केंद्रात, पण पहिल्या रात्री आत्या एकटी माहेरी झोपणार, आणि निघताना साडी-चोळी माहेरचीच.

पायऱ्या, संडास आणि पलंगाची उंची

जुन्नर तालुक्याला सरकारनं २०१८ मध्ये विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला, आणि राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं. त्याआधीपासूनच राजुरी, नारायणगाव, ओतूर या बाजूंना शेतकऱ्यांनी खोल्या बांधून पाहुणे घ्यायला सुरुवात केली होती. द्राक्ष-टोमॅटोचे भाव पडले की या खोल्या घराला हात देतात. बहुतेक जागा मात्र शहरातल्या पोरांना समोर ठेवून बांधलेल्या आहेत. बैलगाडी आहे, झोपाळा आहे, चिखलात खेळायची जागा आहे. म्हाताऱ्या माणसाचा विचार करून बांधलेल्या जागा थोड्या.

म्हणून लेकीनं फोनवरून विचारलेले प्रश्न मी लिहून घेतले. खोलीत कमोड आहे का, आणि त्याच्या बाजूला धरायला दांडी आहे का? दांडी नसेल तर भिंतीला पक्की बसवून मिळेल का? (मिळाली. चालकानं नंतर ती काढलीच नाही.) पलंग किती उंच आहे? फार बुटका असेल तर गुडघे दुखणाऱ्याला उठवत नाही, फार उंच असेल तर पाय अधांतरी राहतात. खोलीपासून जेवणाच्या जागेपर्यंत किती पायऱ्या? रात्री वीज गेली तर इन्व्हर्टरवर संडासातला दिवा लागतो का? रात्रीचं जेवण साडेसातला वाढाल का, की बाकी पाहुण्यांबरोबर दहाला? मधुमेहाच्या गोळीचं वेळापत्रक पंगतीच्या वेळापत्रकाला वाकत नाही. शेवटचा प्रश्न दवाखान्याचा. नारायणगावात ग्रामीण रुग्णालय आहे, मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि १०८ ची रुग्णवाहिका आहे. पण डोंगराच्या कडेच्या सुंदर मुक्कामावरून तिथवर पोचायला रात्री किती वेळ लागेल, हे जागेचे फोटो पाहून कळत नाही. तिथल्या माणसालाच विचारावं लागतं.

प्रवासाचं आजींनी स्वतः ठरवलं. मुलांनी मोठी गाडी केली होती, पण त्या म्हणाल्या, मी एसटीनं येणार. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. आजींना त्या शून्य रुपयांच्या तिकिटाचं फार अप्रूप. कंडक्टर तिकीट हातात देतो तेव्हा आपण कुणाच्या पैशानं फिरत नाही, असं त्यांना वाटतं. शेवटी पुण्यापर्यंत गाडी आणि पुण्याहून नारायणगाव लाल परी, असं जमवलं. लेक आणि एक नात त्यांच्याबरोबर एसटीत बसल्या, बाकीचे मागून गाडीनं. पंच्याहत्तर-ऐंशी किलोमीटरचा रस्ता. चाकणची वाहतूक सोडली तर बरा जातो.

देवाचं तर जपूनच ठरवावं लागतं. जुन्नर तालुक्यात अष्टविनायकांतले दोन गणपती आहेत आणि दोन्ही करायचेच, असा आलेल्या प्रत्येकाचा आग्रह. लेण्याद्रीचा गिरिजात्मज बौद्ध लेण्यांच्या रांगेतल्या सातव्या लेण्यात बसला आहे. वर जायला तीनशेच्या आसपास पायऱ्या. डोलीवाले आहेत आणि ते वाकबगार आहेत. पण डोलीत बसणं सगळ्यांना जमत नाही. चार माणसांच्या खांद्यांवर आपलं ओझं टाकणं आजींना नको होतं. ‘मी खालूनच हात जोडते,’ म्हणाल्या, आणि त्या वाक्याला कुणी फाटे फोडले नाहीत हे मला आवडलं. भक्तीच्या नावाखाली म्हाताऱ्यांना पायऱ्या चढवणारी घरं मी पाहिली आहेत. ओझरचा विघ्नहर मात्र सपाटीवर, कुकडीच्या काठी, येडगाव धरणाच्या फुगवट्याला लागून. चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर या देवळाचा जीर्णोद्धार केल्याचं सांगतात. गाडी जवळपर्यंत जाते, दगडी दीपमाळांच्या मधून आत शिरायचं, थोड्याच पायऱ्या. नवस फिटला. आजी सभामंडपात भिंतीला टेकून बराच वेळ बसल्या, आणि घरचे बाहेर चहा घेत थांबले.

शिवनेरीवर नातवंडं चढून आली. सात दरवाजे पार करून शिवजन्मस्थानाशी जाऊन आली आणि आजींना खाली जुन्नरात येऊन सगळं सांगत बसली. सगळ्यांनी सगळीकडे एकत्र जायला हवं हा अट्टहास सोडला, की असे बेत हलके होतात.

फोन बंद ठेवून एक सकाळ

खोडदच्या माळावरच्या त्या प्रचंड थाळ्या आजींच्या माहेरच्या रस्त्यावरूनच दिसतात. त्यांचं लग्न झालं तेव्हा तिथं काही नव्हतं; ढोरं चारायला जायची जागा, एवढीच त्यांची आठवण. १९८० च्या दशकात प्रा. गोविंद स्वरूप यांनी या दुर्बिणीची योजना मांडली आणि नव्वदच्या दशकात टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या केंद्रानं ती इथं उभी केली. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, जीएमआरटी. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या. चौदा खोडदच्या माळावर दाटीनं, उरलेल्या सोळा तीन फाट्यांवर इंग्रजी वाय अक्षरासारख्या पसरलेल्या, एकूण पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात. सगळ्यांचे संकेत ऑप्टिकल फायबरनं एका जागी येतात आणि तीस थाळ्या मिळून एका अवाढव्य दुर्बिणीचं काम करतात.

जागा खोडदचीच का, हे ऐकण्यासारखं आहे. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी अतिशय क्षीण असतात, म्हणून शहराचा आणि कारखान्यांचा रेडिओ गोंगाट नको. भोवतीचे डोंगर तो अडवतात. या अक्षांशावरून उत्तरेचं आकाश दिसतं आणि दक्षिणेचाही मोठा भाग. आणि पुणं इतकं जवळ, की शास्त्रज्ञ सकाळी येऊन रात्री परत जाऊ शकतात. ही शांतता टिकवण्यासाठी आसपासच्या उद्योगांवर बंधनं आहेत. पुणे–नाशिक रेल्वेचा आखलेला मार्गही या दुर्बिणीमुळे अडला, आणि त्यावर तालुक्यात नाराजी आहे. ती नाराजी मला खोटी वाटत नाही. रेल्वेची वाट बघत एक पिढी म्हातारी झाली आहे. पण दुर्बीणही एकदा उभी केली की हलवता येत नाही.

पाहायला यायचं तर आधी परवानगी घ्यावी लागते आणि भेटीचा दिवस शुक्रवारचा असतो. फेब्रुवारीच्या अखेरीला राष्ट्रीय विज्ञान दिनाला मात्र दारं सगळ्यांना उघडतात. गावोगावच्या शाळांतली पोरं आपापले प्रयोग मांडतात आणि माणसांची रीघ लागते. ऐंशीच्या माणसानं त्या गर्दीत जाऊ नये. शांत शुक्रवार बरा. धाकट्या मुलानं आधीच पत्रव्यवहार करून ठेवला होता.

आत मोबाइल बंद करावा लागतो. नुसता आवाज बंद करून भागत नाही, फोन पूर्ण बंद. मोबाइल ज्या लहरींवर बोलतो त्या दुर्बिणीच्या ऐकण्याच्या पट्ट्यात येतात, आणि खिशातला फोन एखाद्या दूरच्या आकाशगंगेपेक्षा कोट्यवधी पटींनी मोठ्यानं बोलतो. बाराजणांचे फोन एकाच वेळी बंद झालेले त्या घरानं बहुधा कधी पाहिले नसावेत. नातवंडं आजीच्या भोवती आली, कारण दुसरं बघायला काही नव्हतं.

आजींना सगळ्यात जवळची थाळी नीट बघायची होती. ‘ही तर चाळण हाये,’ त्या म्हणाल्या. बरोबरच होतं. स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भरीव पत्र्याऐवजी दोरखंडांच्या सांगाड्यावर बारीक स्टीलच्या तारेची जाळी ताणली. जाळीचं छिद्र लहरींच्या लांबीपेक्षा पुष्कळ लहान असलं की लहरीच्या दृष्टीनं ती भिंतच. लहर तिथून परावर्तित होते. इथं येणाऱ्या लहरी वीस-पंचवीस सेंटिमीटरपासून काही मीटरपर्यंत लांब, आणि जाळीची छिद्रं एक-दोन सेंटिमीटरची. वारा मात्र जाळीतून आरपार जातो. त्यामुळे सांगाडा हलका झाला, लोखंड कमी लागलं, पैसा वाचला. मोठं वादळ आलं की थाळ्या सरळ आकाशाकडे तोंड करून ठेवतात. ही काटकसर आजींना लगेच पटली.

समजावून सांगणाऱ्या तरुण मुलीनं त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. २०१६ च्या ऑक्टोबरात युरोपचं शियापारेली हे यान मंगळावर उतरत होतं. ते उतरताना पाठवत असलेला क्षीण संदेश खोडदच्या या थाळ्यांनी पकडला. यान शेवटी आदळलं, पण त्याचा उतरतानाचा आवाज इथं ऐकला गेला. दुसरी, २०२३ मध्ये जाहीर झालेली: सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजन अणूंचा संकेत या दुर्बिणीनं टिपला. आजींनी विचारलं, ‘तेवढं जुनं असून अजून चालतंय व्हय?’ मुलगी म्हणाली, चालतंय. नातवानं तो आकडा नंतर जेवताना सगळ्यांना दोनदा सांगितला.

गोविंद स्वरूप यांचा जन्म १९२९ चा. त्यांना नव्वद पूर्ण झाली तेव्हा, मार्च २०१९ मध्ये, त्यांच्या शिष्यांनी आणि सहकाऱ्यांनी पुण्यात मीटरतरंगांच्या खगोलशास्त्रावर परिषद भरवली. ज्या कामात त्यांचं आयुष्य गेलं त्यावर पाच दिवस चर्चा, हीच त्यांची भेट. ते सप्टेंबर २०२० मध्ये गेले. वडीलधाऱ्याचा वाढदिवस कसा करावा याचं याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही. त्यांना आवडणाऱ्या गोष्टीत सगळ्यांनी येऊन बसायचं.

मासवडी आणि संध्याकाळ

जेवण माहेरचं होतं. मासवडी इथली खासियत, आणि ती करायला चार हात लागतात. चण्याच्या पिठाचं घट्ट पिठलं शिजवून ओल्या फडक्यावर गरम असतानाच थापायचं. आत भाजलेले तीळ, सुकं खोबरं, कांदा, लसूण, खसखस यांचं सारण. फडक्यानंच गुंडाळी करून दाबायची आणि गार झाल्यावर तिरप्या वड्या पाडायच्या. सोबत काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा. पीठ थंड झालं की थापता येत नाही, म्हणून एकीनं ढवळायचं आणि दुसरीनं थापायचं. आजींच्या भाचेसुनेनं रस्सा वेगळा, कमी तिखट काढला होता. मासवडी मऊ असते, दात नसले तरी चालते. ऐंशीच्या पंगतीला हे बघावं लागतं. केक आणला होता, तो नातवंडांनी खाल्ला. आजींना औक्षण केलं ते कणकेच्या दिव्यांनी.

होमहवन या घरानं केलं नाही. घर माळकरी. त्यांनी गावातल्या भजनी मंडळाला हरिपाठाला बोलावलं. सध्या या भागात पंचाहत्तरीला हभपांचं कीर्तन आणि चौकात ‘अभीष्टचिंतन’ लिहिलेला मोठा फ्लेक्स असं चालतं. फ्लेक्सची गोष्ट निघाली होती, आजींनी हात जोडले. त्यांचे फोटो चौकात लावू नयेत, एवढंच मागणं.

संध्याकाळचं गणित या मुलखात वेगळं आहे. उसानं भरलेल्या जुन्नर-आंबेगावात बिबट्या शेतातच राहतो, शेतातच पिल्लं घालतो. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, पण मोकळे फिरणारे पुष्कळ. अलीकडच्या वर्षांत माणसांवर हल्ले झाले, मुलं आणि म्हातारी माणसं गेली. त्यामुळे ‘शेतात चांदण्यात जेवण’ या शहरी कल्पनेला भाच्यानं सरळ नाही म्हटलं. दिवेलागणीनंतर अंगणात एकटं बसायचं नाही, वाकून काही करत बसायचं नाही, लहान मूल हाताशी पाहिजे, परसाकडे जाताना बॅटरी आणि सोबत पाहिजे. पाहुण्यांना हे आधी सांगणारे यजमानच चांगले. हजारावा चंद्र बघायचा होता तो गच्चीवरून बघितला. जिना होता, पण रुंद होता आणि कठडा होता. नातवानं पाठीमागून हात लावला. पूर्वेकडून थाळ्यांच्या वर चंद्र आला. त्याला पाणी दाखवून आजी खाली आल्या आणि झोपल्या, कारण नऊ वाजून गेले होते.

लांबून कुठल्यातरी जत्रेतला ढोलकीचा आवाज येत होता. नारायणगाव तमाशाची पंढरी. हंगामाआधी तिथं फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. विठाबाई नारायणगावकर इथल्याच. आजींनी विठाबाईंचा तमाशा पाहिला नाही, त्या काळी बायका तिथं जात नसत. पण तो आवाज अंथरुणात पडून ऐकला होता, असं त्यांनी सकाळी सांगितलं.

बोलावणं कुणाला

बेतातला सगळ्यात अवघड भाग पाहुण्यांच्या यादीचा होता. मुलांनी काढलेल्या यादीत मुंबईचे शेजारी, व्याही, कामावरचे लोक होते. आजींनी एकच गोष्ट मागितली: त्यांच्याबरोबरीच्या. लहानपणी माळावर शेळ्या घेऊन जायच्या त्या, एकाच वर्षी लग्न झालेल्या त्या. बऱ्याच गेल्या होत्या. ज्या होत्या त्या खोडदला, हिवऱ्याला, मांजरवाडीला, एक ओतूरला लेकीकडे. कुणाकडे स्वतःचा फोन नाही, असला तरी कानाला ऐकू येत नाही. नातवानं मोटारसायकल काढली आणि दोन दिवस दारोदार जाऊन निरोप दिले. प्रत्येक ठिकाणी त्याला बसवून चहा पाजला गेला, आणि प्रत्येक ठिकाणी ‘कुणाचा रं तू?’ या प्रश्नाला पणजोबांपासून उत्तर द्यावं लागलं. आपली आजी लहानपणी कशी होती हे त्याला या फेऱ्यांमध्ये कळलं: तिला झाडावर चढता यायचं, आणि ती विहिरीत उडी मारायची.

सात जणी आल्या. काही एसटीनं, त्याच शून्य रुपयांच्या तिकिटावर, तर ज्यांच्या गावाला गाडीची वेळ सोयीची नव्हती त्यांना धाकटा मुलगा घेऊन आला. हारतुरे नव्हते. गावातल्या जगदंबेच्या देवळात जाऊन सगळ्यांनी ओटी भरली, मग भाच्याच्या पडवीत सतरंजीऐवजी खुर्च्या मांडल्या, कारण खाली बसलं की उठता येत नाही. आहेर कुणी आणायचा नाही असं कळवलं होतं, तरी प्रत्येकीच्या पदरात काही ना काही होतं: शेंगा, लसणाची गड्डी, घरचे तीळ. आजींनी प्रत्येकीला साडी दिली. रंग त्यांनी स्वतः लालबागला निवडले होते.

दोन दिवसांच्या बेतात सगळ्यात जास्त वेळ या पडवीला दिलेला होता, आणि तो पुरला नाही. मुलांनी पंगत एकला ठेवली होती. भाचा म्हणाला, एकला नको, अकराला बसवा. या बायांना उजेडी घरी पोचवायचं आहे, वाटेत ऊस आहे. पंगत अकराला बसली. साडेचारला ओतूरच्या आजींना घेऊन गाडी निघाली, कारण त्यांचं घर सगळ्यात लांब होतं.